तीन दगडांची समिती

आमच्या दारामागे एक दगड होता. काळा, एका बाजूनं चपटा, दोन्ही हातांनी उचलावा एवढा. जव्हारचा वारा दार आपटतो म्हणून ठेवलाय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं. प्रत्येक जण एकदा तरी त्याला ठेचकाळायचा आणि वर मलाच विचारायचा, "काकू, हा धोंडा फेकून का देत नाही?" मी सांगायचे, "तो फेकता येत नाही. ती आमची कामगार समिती आहे." समोरचा हसायचा. मी विनोद केलेला नसायचा, पण समजावून सांगायचाही कंटाळा यायचा.

मी निवृत्त अंगणवाडी सेविका. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर पोरांना खिचडी भरवण्यात आणि त्यांची वजनं करण्यात सगळी नोकरी गेली. आता जव्हारला एसटी आगारामागे राहते. आमच्या भागातल्या तीन संघटनांची मिळून एक समिती आहे. अंगणवाडीच्या बायका, जीपवाले आणि मजूर. मजूर म्हणजे रोजगार हमीवर माती उचलणारे आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणारे, दोन्ही तेच लोक. या समितीची सचिव मी. पद सोडायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. बैठकीत मी राजीनामा द्यायचे आणि लोक टाळ्या वाजवून तो नामंजूर करायचे. आधी आधी बरं वाटायचं. नंतर कळलं की दुसरं कोणी तयारच नाही. मी थकले आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे चिडचिड दिसली तर कोणी नवल करू नये.

समितीचा जन्म कुठल्या सभागृहात झाला नाही. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. थंडीचे दिवस होते आणि तिन्ही संघटना आपापली गाऱ्हाणी घेऊन जव्हारच्या एका कचेरीपुढे धरण्याला बसल्या होत्या. एकत्र नव्हे, शेजारी शेजारी. आम्हाला अंगणवाडीवर छप्पर हवं होतं, जीपवाल्यांना स्टँडजवळ गाड्या लावायला जागा हवी होती, मजुरांना गावातच काम हवं होतं. साहेब एकेकाला आत बोलवायचे. जो आत जाईल त्याला सांगायचे की तुमचं झालंच असतं, पण शेजारचे अडून बसलेत. मग आम्ही बाहेर येऊन शेजारच्यांकडे डोळे वटारून बघायचो. असा तो खेळ चालला होता आणि तो खेळ आहे हे आमच्या लक्षातही येत नव्हतं.

तिघांच्या तीन चुली होत्या. पण पठारावरचा वारा असा की एक पेटवावी तर दुसरी विझायची. जळणाची फाटीही संपत आली होती. शेवटी मजुरांचा पुढारी उठला. तो सूर्यमाळच्या बाजूचा, उंच, काटक, फार न बोलणारा माणूस. त्यानं आपल्या चुलीतला एक दगड उचलला, मधल्या मोकळ्या जागेत आणून टाकला आणि म्हणाला, "एक एक तुमी पन आना. तीन चुली कशाला? भात तर सगल्यांनी भातच खायाचा."

एक दगड त्यांचा, एक जीपवाल्यांचा, एक आमचा. त्यावर एक टोप चढला. भात शिजेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही पहिल्यांदाच एकमेकांची गाऱ्हाणी ऐकली. संध्याकाळी साहेबांनी एकाला आत बोलावलं तर तिघं गेलो. साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी पुढची सगळी वर्षं या समितीत काढली असतील.

नंतर ठाण्याहून एक शिकलेले कार्यकर्ते आले आणि त्यांनी समितीची घटना लिहून दिली. फार जड मराठी होतं. ती कोणी पूर्ण वाचल्याचं मला आठवत नाही, मी धरून. खरी घटना दगडांचीच राहिली. धरणं उठलं की ज्यानं त्यानं आपला दगड घरी न्यायचा आणि सांभाळायचा. पुन्हा बसायची वेळ आली की घेऊन यायचं. तिन्ही दगड आल्याशिवाय चूल पेटवायची नाही, आणि एकदा पेटवली की तिघांचं एकमत झाल्याशिवाय कोणी आपला दगड उचलायचा नाही. कोणी तरी एकटा जाऊन तडजोड करून आला, असं त्यामुळे आमच्यात कधी झालं नाही. झालं असतं तर सगळ्यांसमोर तापलेला दगड उचलून न्यावा लागला असता, आणि तेवढी लाज कोणात नव्हती असं नाही.

आणखी एक नियम होता, तो मागाहून आला. एकदा मागण्या मान्य झाल्या म्हणून जीपवाल्यांचा पुढारी इतका हरखला की चुलीवर टोप आहे हे विसरून त्यानं आपला दगड ओढला. टोप कलंडला आणि उडदाचं उकळतं वरण मजुरांच्या पुढाऱ्याच्या, आमच्या सूर्यमाळच्या दादाच्या, पायावर गेलं. पाय महिनाभर बांधलेला होता. दादा रागावला नाही, फक्त पुढच्या बैठकीत पाय पुढे करून म्हणाला, "टोप वर हाय तवर दगडाला हात लावायचा नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव असे व्हायचे आमच्याकडे.

चांगली वर्षं आली, नाही असं नाही. पाड्यांवर कामं निघाली. अंगणवाड्यांना छपरं आली, काहींना तर भिंतीही आल्या. मोर्चा म्हटलं की जीपा सूर्यमाळपासून दाभोशापर्यंत फिरायच्या आणि टपावर बसून माणसं यायची. त्या काळात जव्हारच्या बाजारात मला कोणी ओळखत नाही असं व्हायचं नाही. भाजीवाली जुडी बांधता बांधता विचारायची, "काय बाई, चूल कधी?"

मग हळूहळू सगळं पातळ होत गेलं. कोणी मोडलं नाही, तसं असतं तर भांडायला तरी मिळालं असतं. शिकलेली पोरं बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटावर लागली, ती सणालाच दिसू लागली. घरोघरी मोटारसायकली आल्या आणि जीपवाल्यांचा धंदा बसला. त्यांच्या पुढाऱ्यानं जीप विकली आणि दाभोशाला धबधब्याच्या वाटेवर टपरी टाकली. पर्यटकांना मॅगी आणि भाजलेली कणसं विकतो. सूर्यमाळच्या दादाला नीट दिसेना. समितीची स्टँडजवळची भाड्याची खोली आम्ही सोडून दिली. समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यावर रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं. मी एकदा चिडून लिहिलं, "फूल नको, बैठकीला या." त्यावर नऊ जणांनी अंगठा दाखवला आणि बैठकीला मी एकटीच होते. खुर्च्या मात्र मी भाड्यानं आणून मांडल्या होत्या.

एवढ्या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली नव्हती. धरण्याला स्वयंपाक करायच्या त्या आश्रमशाळांतल्या स्वयंपाकीण बायका. त्या रोजंदारीवर. त्यांची वेगळी संघटना नव्हती, त्या आमच्याच मागे येऊन बसायच्या. बसायच्या हे म्हणायला. खरं तर एवढ्या माणसांचा भात घालायचा म्हणजे त्यांच्याइतका हात कोणाचा बसलेला नव्हता, त्यामुळे धरणं आमचं आणि धूर त्यांच्या डोळ्यांत, असंच चाललं होतं. त्यांच्यात एक बाई होती. ठेंगणी, आवाज खणखणीत, कपाळावर ठसठशीत कुंकू. पुढे नवरा गेला तेव्हा कुंकू गेलं, आवाज तसाच राहिला. एका बैठकीत ती मध्येच म्हणाली, "आमचा पन एक दगड ठेवा ना."

जीपवाला म्हणाला, "वहिनी, चुलीला तीनच दगड असतात. चौथा लावला तर टोप हलंल." सगळे हसले. तीही हसली आणि वरण ढवळायला गेली.

हीच बाई दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपल्या संपल्या माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. उंबऱ्यावर बसली, दगडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "ताई, माझा काम गेला."

"म्हणजे?"

"शाला उघडली तशी गेले. तर सांगला, आता रांधायचा काम ठेकेदाराला दिला. तो आपली मानसं आननार. तुमी घरी जावा."

"तू एकटी की सगळ्या?"

"सगल्या. आजूबाजूच्या शालांतल्या पन."

तिच्याकडे जमीन नाही. नवऱ्याच्या वाट्याचं होतं ते दीर करतो. एक मुलगी, ती नाशिकला नर्सिंग शिकत होती. पाड्यावरची एवढं शिकायला बाहेर गेलेली पहिली. बाई बोलताना हुंदके वगैरे देत नव्हती, उलट मलाच दम दिल्यासारखं बोलत होती. "काम नाय मिलाला तर मी भट्टीवर जाईन. मुकादम येऊन गेला पाड्यावर. तो जोडी मागतो, एकटी बाय नको म्हनतो. मंग पोरीला आनावी लागंल. ती विटा थापंल माझ्यासंगं. एवढाच सांगायला आले."

एवढंच सांगायला कोणी एवढ्या लांब चालत येत नाही. मी म्हटलं, "काय करू मग?"

"चूल लावा."

मला राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. गुडघे दुखत होते, बाहेर वारा होता, समितीत माणसं उरली नव्हती आणि ज्या दिवसांत मजूर भट्टीवर निघतात नेमक्या त्या दिवसांत ही चूल लावा म्हणत होती. पण ज्या बाईनं इतकी वर्षं आपल्याला रांधून वाढलं तिला उंबऱ्यावरून परत कसं पाठवायचं? मी म्हटलं, "बघते." ते ऐकून ती उठली. माझं बघते म्हणजे काय ते तिला माझ्याआधी कळलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी दाभोशाला गेले. जीपवाला टपरीवर कांदा चिरत होता. समितीचा दगड त्यानं ताडपत्रीच्या टोकावर ठेवला होता, ती उडू नये म्हणून. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, आता कोण येणार? माझे डायवर सगळे पांगले." मी म्हटलं, "तू तर आहेस." त्यानं कांदा संपवला, हात पुसले, ताडपत्रीवर पाण्याचा कॅन ठेवला आणि दगड काढून दिला. "मी येतो. पण माणसं विचारू नका," असं म्हणून मला एक चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत.

सूर्यमाळचा दादा पडवीत बसला होता. पाड्यावरची निम्मी घरं बंद होती, लोक भट्टीवर गेलेले. त्याचा मुलगा-सून पण गेले होते. दगडावर तो कोयत्याला धार लावायचा, त्यामुळे त्याची एक बाजू गुळगुळीत झाली होती. दादानं दगड आणायला कोणाला सांगितलं नाही. चाचपडत गेला, उचलला आणि पोटाशी धरून माझ्याबरोबर जीपची वाट बघत उभा राहिला. म्हणाला, "बाय, आता धरना झाला की हा तुमीच ठेवा. माझ्या मागं घरात कोन बघनार?" मी म्हटलं, "माझ्याकडे एक आहे, त्यालाच लोक शिव्या देतात."

तर असे आम्ही तिघं. एकाला दिसत नाही, एकीला चालवत नाही आणि तिसऱ्याचं अर्धं लक्ष टपरीवर. आश्रमशाळांचा कारभार बघणाऱ्या जव्हारच्या कचेरीपुढे तिन्ही दगड मांडले. स्वयंपाकीण बायका वीसेक होत्या. आजूबाजूच्या पाड्यांवरून आलेल्या, स्वच्छ धुतलेली लुगडी नेसून, एका रांगेत बसल्या. चूल पेटवली, टोप ठेवला, पाणी ओतलं. तांदूळ पाटीत होते. आणि पुढे काहीच होईना.

मी वाट बघितली. शेवटी म्हटलं, "अगं, तांदूळ?"

ती बाई रांगेत मध्यभागी बसली होती. म्हणाली, "ताई, आज धरना आमचा हाय. आमी बसनार."

"मग रांधायचं कोणी?"

तिनं आमच्या तिघांकडे बघितलं.

मी रागानं तांदूळ धुवायला घेतले. घरी दोन माणसांचा भात करणारी मी, या टोपात हात घालायचा तर खांद्यापर्यंत जात होता. जीपवाला फुंकणीनं फुंकत बसला आणि धुरानं रडवेला झाला. दादा फाटी हातांनी चाचपून वाळकी-ओली निवडत होता. भात खाली लागला, वर कच्चा राहिला. वाढला तेव्हा बायका मान खाली घालून जेवल्या. एकच जण हळूच म्हणाली, "मीठ?" मी मीठ घालायला विसरले होते. मीठ आणलंच नव्हतं.

तसे काही दिवस गेले. आम्ही रांधत होतो, त्या बसत होत्या. भात थोडा सुधारला. कचेरीतली माणसं येता-जाता बघायची आणि जेवणाच्या सुट्टीत लांबून जायची. साहेब तरुण होते, दूरच्या जिल्ह्यातले, वागायला वाईट नव्हते. त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं आणि ते त्यांना कबूल करता येत नव्हतं.

मग एका सकाळी ते स्वतः बाहेर आले. म्हणाले, ठेकेदाराशी बोलणं झालं आहे, जुन्या बायकांनाच तो कामावर घेईल. रांगेत एकदम कुजबूज झाली. कोणी तरी रडायलाही लागली. साहेब थांबले आणि म्हणाले, "एक बाई सोडून." कोण, ते त्यांनी नाव न घेता हातानं दाखवलं. ठेकेदाराचं म्हणणं, हीच सगळ्यांना गोळा करते, ही भांडखोर आहे, ही नको. "तो खासगी माणूस आहे. कोणाला घ्यावं हे मी त्याला सांगू शकत नाही," साहेब म्हणाले आणि आत गेले.

आम्ही तिघं बाजूला झाडाखाली गेलो. जीपवाला म्हणाला, "सगळ्या लागतायत, बाई. एकीसाठी किती ताणायचं? आपण दर वेळी असंच तर केलंय." ते खरंच होतं. जेवढं मिळालं तेवढं घेऊन उठायचं, उरलेलं पुढच्या चुलीला, हीच आमची रीत होती. दादानं झाडाच्या बुंध्याला पाठ टेकवली. मग म्हणाला, "माझ्यात आता दम नाय. उठू या." दोघं माझ्याकडे बघायला लागले. मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला घरी जाऊन गरम पाण्यात पाय सोडायचे होते.

परत आलो तर चुलीवर भात शिजत आलेला होता. ठरलं असं की जेवायचं आणि मग दगड उचलायचे. तिला सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. मुलीचं शिक्षण थांबू नये म्हणून आपण काही तरी वेगळं बघू, असंही म्हणाले. काय वेगळं, ते मला माहीत नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. "बरा," म्हणाली.

मग ती उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चुलीपाशी आली, माझ्या हातातला डाव घेतला, झाकण काढलं आणि कळशीभर पाणी टोपात ओतलं.

"अगं, शिजला होता तो!" मी ओरडले.

"नाय शिजला."

जीपवाला वाकून बघायला लागला. "वहिनी, झालाय भात. वास येतोय."

"रांधनारी मी. मी सांगते. नाय झाला." तिनं दोन फाटी आत सारली आणि टोपापाशी मांडी घालून बसली. "टोप वर हाय तवर दगडाला हात लावायचा नाय. तुमीच सांगला ना?"

जीपवाल्याचा हात दगडाकडे गेला होता तो मागे आला. दादाला दिसलं नव्हतं, पण ऐकू आलं. तो हसायला लागला. एवढं मोठ्यानं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. भाजलेला पाय चोळत हसत होता. "मेलो," म्हणाला, "आता नाय उठत कोन."

रांगेतल्या बायका एकेक करून उठल्या. कोणी पाण्याला गेली, कोणी फाट्यांना. ज्यांना काम मिळालं होतं त्याही. दुपारी भाताची पेज झाली होती. तीच प्यालो. वाढताना तिनं टोप उतरवला नाही, वरच्या वर काढली आणि खाली मूठभर तांदूळ टाकून पुन्हा पाणी ओतलं. कचेरीतला शिपाई विचारायला आला, "साहेब विचारतात, उठला नाहीत अजून?"

ती म्हणाली, "भात शिजायचाय."

संध्याकाळी पण तेच, दुसऱ्या दिवशी पण तेच. टोप कधी रिकामा झाला नाही आणि कधी पुरता शिजलाही नाही. शिपायाला पुढे पुढे विचारायचीच लाज वाटू लागली, तो लांबूनच हात हलवून प्रश्न विचारायचा आणि बायका लांबूनच मान हलवायच्या. साहेब एकदा खिडकीतून विचारते झाले, "इकडे भाताला इतका वेळ लागतो?" जीपवाला म्हणाला, "जुना तांदूळ आहे, साहेब." ज्यांना काम मिळालं होतं त्यांतली एकही शाळेत गेली नाही. ठेकेदाराच्या नव्या माणसांनी रांधलेलं जेवण पोरं ताटात टाकू लागली, पोरांचे आईबाप शाळेवर येऊन भांडायला लागले. माझे गुडघे त्या दिवसांत दुखले की नाही, मला आठवत नाही. दुखलेच असतील.

शेवटी ठेकेदाराचा माणूस स्वतः जीप घेऊन आला. तिच्यासमोर उभा राहून, दुसरीकडे बघत म्हणाला, "उद्यापासून ये. सगळ्यांसारखीच अकरा महिन्यांची ऑर्डर मिळेल."

तिनं झाकण उघडलं, डावानं चार शितं घेतली, दोन बोटांत दाबली. "शिजला," म्हणाली. आणि स्वतःच्या हातानं टोप उतरवला.

जेवण झालं. मी चुलीत पाणी टाकलं, दगड निवायची वाट बघितली. जीपवाल्यानं आपला उचलला, दादानं आपला पोटाशी धरला. मी वाकले तर माझा जागेवर नव्हता. ती पदरात गुंडाळत होती.

"अगं, तो माझा आहे."

"तुमचे गुडघे दुखतात, ताई. मी नेते."

दगड तिला द्यायचा असं आमच्यात ठरलं नव्हतं, आणि तिनं मला विचारलंही नव्हतं. मला भयंकर राग आला. त्या दगडासाठी मी काय काय ऐकून घेतलं होतं, किती जणांच्या पायाला लागला होता, आणि ही असा उचलून चालली! मी काही तरी बोलणार होते. पण ती तोवर रस्त्यापर्यंत पोचली होती, दगड कमरेवर घेऊन, मूल घ्यावं तसा. बाकीच्या तिच्या मागे. मी तिथेच रस्त्याकडेला बसले आणि रडले. रागानं रडले की कशानं, हे मी नंतर पुष्कळ शोधलं. वाईट वाटलं होतं हे खरं, आणि अंगावरून मोठं ओझं उतरलं होतं हेही खरं.

तिची मुलगी नाशिकलाच आहे, शेवटच्या वर्षाला. दादा गेल्या पावसाळ्यात गेला. त्याचा दगड सुनेनं ठेवलाय. मी विचारलं तर म्हणाली, भट्टीवर जाताना शेजारी देऊन जाते. आमच्याकडे दार पुन्हा आपटतं. मी तिथे वीट ठेवून बघितली, ती सरकते.

अकरा महिने फिरून फिरून संपतात. आता पुन्हा संपत आलेत आणि ठेकेदार बदलणार आहे असं ऐकलं. परवा तिचा फोन आला. काय करू या, असं तिनं विचारलं नाही. कुठल्या दिवशी ते सांगितलं. मी म्हटलं, "अगं, माझं वय झालं. समितीला दुसरा सचिव बघा."

"बघितला," ती म्हणाली. "टोप मी आनते. फाटी पोरी आनतील. तुमी मीठ आना, ताई. मागच्या वेली विसरलात."

मी थकले आहे, हे वर सांगितलंच. मीठ आणून ठेवलंय.